बंद गाडीतला काटा

मुकुंदवाडीची रत्नमाला साळवे बायकांना गाडी शिकवते. शहरात शिकवणारे पुष्कळ आहेत, पण नवऱ्यानं स्टिअरिंगवर बसवून रडवलेली बाई शेवटी रत्नमालेकडं येते. ती ओरडत नाही. शेजारच्या सीटवर बसते, शिकवणाऱ्याच्या बाजूला जो जास्तीचा ब्रेक बसवलेला असतो त्यावर पाय ठेवते आणि म्हणते, "चालू द्या. मी हाय ना." एवढ्यावर कितीतरी बायका जालना रोडच्या गर्दीतून सुखरूप पार झाल्या.

ती मूळची करमाडची. वडील शेतमजूर, पण घरात शिस्त मोठी. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दुसरं काही नाही. कुणी भुताखेताचं नाव काढलं तर वडील त्याला ताटावरून उठवायचे. "भ्या वाटलं तर आधी कारण हुडकायचं," असं त्यांचं सांगणं. लग्नानंतर नवऱ्यानं, राजकुमारनं, तिला पिकअपवर गाडी शिकवली. तो शेंद्र्याच्या कंपनीची बस चालवतो. मालाच्या गाडीवर शिकलेली रत्नमाला पुढं बायकांची मास्तरीण झाली आणि आपल्या बळावर तिनं नाव कमावलं. अंधारात, एकटीनं, कुठल्याही रस्त्यानं जायला तिला कधी काही वाटलं नाही. भानुमतीबाईंची गाडी हातात येईपर्यंत तरी नाही.

भानुमती परतूरकर समर्थनगरात राहायच्या. वय साठीच्या पुढं. सासरे-आजेसासरे निजामाच्या काळापासून कचेरीत कारकून, यजमान व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि वारले. एकुलता एक मुलगा हिमांशू वाळूजला नोकरी करायचा, तो आदल्या पावसाळ्यात डेंग्यूनं आठवड्याच्या आत गेला. गाडी त्याची. राखाडी रंगाची, लहानशी, पण टर्बोची. तो गेल्यावर ती बरेच महिने इमारतीखाली उभीच होती.

"मला तुमच्या गाडीवर नाही शिकायचं," भानुमतीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "याच गाडीवर शिकायचंय."

"काकू, ही जरा तेज हाय. पाय लागला की पळती."

"माहीत आहे. मी बसलेय हिच्यात."

रत्नमालेनं गाडीला आपल्या बाजूचा ब्रेक बसवून घेतला आणि शिकवणी सुरू झाली.

स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, पुढच्या काचेशेजारच्या खांबावर, एक गोल मीटर डकवलेलं होतं. हिमांशूनं हौसेनं लावलेलं. त्याला वीज लागत नव्हती. इंजिनाकडून एक बारीक नळी थेट मीटरच्या पाठीत आली होती. भानुमतीबाईंना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळत नव्हतं, पण हा काटा तोंडपाठ होता.

"मधे शून्य आहे ना, ती बाहेरची हवा," त्या सांगायच्या. "गाडी बंद असली की काटा तिथं. इंजिन सुरू होऊन नुसतं गुरगुरत असलं की ते हवा ओढत असतं, आणि हवेची वाट जवळजवळ मिटलेली असते. म्हणून काटा डावीकडं जातो. आपलं शहर उंचावर ना, म्हणून मुंबईच्या गाडीपेक्षा इथं दोनेक आकडे कमीच दाखवतो म्हणे. पाय दाबला की वाट उघडते, काटा शून्याकडं येतो. आणि टर्बो हवा कोंबायला लागला की शून्य ओलांडून उजवीकडं. डावीकडं ओढ, उजवीकडं रेटा. हिमांशू म्हणायचा, आई, गाडी श्वास घेतेय असं समज."

रत्नमालेला हे नवं होतं. तिनं मन लावून ऐकलं.

"पण हल्ली तो उजवीकडं जात नाही," भानुमतीबाई म्हणाल्या. "तो गेल्यापासून नाही. मिस्त्रीनं गाडी चालती करून फिरवली तेव्हाही नाही."

रविवारी शेंद्र्याच्या रिकाम्या रस्त्यावर रत्नमालेनं स्वतः चालवून पाहिलं. पाय पुरता दाबला. टर्बोची बारीक शीळ ऐकू आली, पाठ सीटला चिकटली, गाडी सुसाट निघाली. काटा डावीकडंच. इंजिन जीव तोडून पळतंय आणि काटा हलायला तयार नाही.

"बघितलंस?" भानुमतीबाई शेजारून शांतपणे म्हणाल्या. "दम धरून बसलाय."

ऑक्टोबरचं ऊन होतं, काचा खाली होत्या, तरी रत्नमालेच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. मीटर बिघडलंय, एवढंच ती मनाशी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शिकवणी संपवून ती बसस्टॉपपर्यंत गेली आणि आपली ओढणी गाडीतच राहिल्याचं लक्षात येऊन परत फिरली. दिवेलागण झाली होती. इमारतीखाली एक पिवळा दिवा लागलेला. गाडीच्या काचा वर, इंजिन बंद, आणि भानुमतीबाई आत बसलेल्या. स्टिअरिंगसमोर नाही. डावीकडं, रत्नमालेच्या जागेवर. डोळे मिटलेले, हात मांडीवर.

रत्नमाला काचेवर टिचकी मारणार होती, तेवढ्यात तिची नजर मीटरवर गेली. बंद गाडीत काटा शून्यावर असायला हवा. तो पार डावीकडं होता, जणू इंजिन चालूच आहे.

आत भानुमतीबाईंचे ओठ हलले. काच वर होती तरी शब्द कळले.

"हिमांशू, जेवलास का?"

काटा हलला. डावीकडून शून्याच्या दिशेनं एक टप्पा आला आणि थांबला.

"थंडी वाजतेय का रे तिथं?"

पुन्हा एक टप्पा.

रत्नमालेचा हात काचेपाशी तसाच राहिला. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. किल्ली समोरच्या खाचेत दिसत नव्हती. गाडी थंडगार, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, आणि त्या शांततेत काटा प्रश्नागणिक एकेक पाऊल टाकत होता.

भानुमतीबाईंनी डोळे उघडले. तिला पाहून दचकल्यासुद्धा नाहीत. दार किंचित उघडून म्हणाल्या, "ये, बस मागं. घाबरू नकोस. धरून ठेवलेला श्वास रोज असा थोडा थोडा सोडतो तो."

"नको काकू," रत्नमाला कशीबशी म्हणाली. "उशीर झालाय मला." आणि ओढणी न घेताच ती निघाली.

घरी राजकुमारला सांगितलं तर तो आधी हसला, मग त्यानं तिचं तोंड पाहिलं. "सोड ती शिकवणी," म्हणाला. "तुला काय शिकणाऱ्या बायांचा तोटा हाय का?" पण रत्नमालेला सोडवेना. त्या रात्री तिला वडील आठवले. कारण हुडकायचं.

तिचा मावसभाऊ कडुबा करमाडला हमरस्त्यावर गॅरेज चालवतो. शिकवणीच्या निमित्तानं ती गाडी तिकडं घेऊन गेली, भानुमतीबाईंसकट. कडुबानं सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं.

"बंद गाडीत काटा डावीकडं ऱ्हातो? आन् पळवली तरी हलत नाय?"

"व्हय."

"मंग तो इंजिनाची हवा दावतच नाय. दुसऱ्याच कशाची तरी दावतोय."

त्यानं बॉनेट उघडलं, टॉर्च लावून बराच वेळ वाकून पाहिलं आणि मीटरकडून आलेली नळी बोटानं चाचपत गेला. गाडी उभी होती त्या महिन्यांत उंदरांनी मूळची रबरी नळी कुरतडली होती. नंतर कुणीतरी मिस्त्रीनं नवी नळी टाकली, पण हाताला जवळ पडलं तिथं जोडून मोकळा झाला. ब्रेकच्या डब्याकडं जाणाऱ्या पाइपात.

"हा काळा डबा बघ," कडुबा म्हणाला. "इंजिन हवा ओढतं ना, ती ओढ ह्याच्यात साठून ऱ्हाते. म्हणून आपला ब्रेक लोण्यासारखा लागतो. मधी एक व्हॉल्व्ह असतो, एकाच बाजूनं उघडनारा. ओढ आत साठती, म्हागारी जात नाय. टर्बोचा रेटा पन ह्या अंगाला येत नाय. म्हणून काटा उजवीकडं जात नाय, आन् गाडी बंद केली तरी डावीकडं ऱ्हातो."

"पन तो हलतो, भाऊ. टप्प्याटप्प्यानं. म्या डोळ्यानं पाह्यलं."

"बंद गाडीत ब्रेक दाबला की साठा थोडा खर्च व्हतो. एकदा दाबला की एक टप्पा. दोन-चारदा दाबला की संपला, मंग ब्रेक दगडावानी."

"पन दाबतं कोन?"

कडुबानं भानुमतीबाईंकडं पाहिलं आणि आवाज मऊ केला. "काकू, तुम्ही रोजच्यावानी बसा बरं. काय इचारता ते इचारा."

त्या डावीकडच्या सीटवर बसल्या. डोळे मिटले. रत्नमाला उघड्या दाराशी उकिडवी बसली. तिची नजर काट्यावर नव्हती, खाली होती.

"हिमांशू," भानुमतीबाई म्हणाल्या, "रागावलायस का?"

त्यांचा उजवा पाय पुढं सरकला आणि रत्नमालेनं बसवलेला ब्रेक हलकेच दाबून मागं आला. वर काटा एक टप्पा हलला. भानुमतीबाईंना पत्ता नव्हता.

रत्नमालेनं त्यांच्या पावलावर हात ठेवला. "काकू. पाय."

भानुमतीबाईंनी खाली पाहिलं. हमरस्त्यावरून ट्रक जात होते. मग त्या म्हणाल्या, "तो जोरात चालवायचा ना, तेव्हा मी इथं बसून जमीन दाबायची. तो हसायचा. म्हणायचा, आई, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये गं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आता तू बसवलास."

कडुबा हात पुसत म्हणाला, "नळी जागेवर लावून देतो. मंग काटा खरं बोलंल."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस राहू द्या."

कडुबानं बॉनेट लावून टाकलं. गाडीत बसता बसता भानुमतीबाई सहज म्हणाल्या, "पण रत्नमाला, तू ब्रेक बसवायच्या आधीही तो हलायचा." कडुबा म्हणाला, डब्यातून बारीक हवा गळत असंल, गळतीनं काटा आपोआप शून्याकडं येतो. रत्नमालेला ते पटलं. गळतीनं काटा सावकाश घसरेल, टप्पे कसे पडतील, हा प्रश्न तिला रस्त्यात पडला, पण तिनं तो विचारला नाही. कारण सापडलं होतं. तिला त्या दिवशी चांगली झोप लागली.

दिवाळीच्या आसपास भानुमतीबाईंचा हात बसला. गिअर अडेनासा झाला. एका शनिवारी त्या म्हणाल्या, खुलताबादला जाऊ, भद्रा मारुतीला. हिमांशू नेहमी न्यायचा. चढताना त्यांनी घाट नीट काढला. दर्शन झालं, रत्नमालेनं बाहेर चहा घेतला, आणि उन्हं कलायच्या आत दोघी परत निघाल्या.

दौलताबादच्या बाजूला रस्ता उतरू लागला. दोन्हीकडं सीताफळाची झाडं, लांब खाली किल्ल्याचा सुळका. सुरुवातीचा उतार सौम्य आहे. पुढं वळणं येतात आणि त्याच्याही खाली जुन्या दरवाज्यापाशी सहलीच्या बसेस आणि माणसांची गर्दी असते.

"तिसरा गिअर टाका," रत्नमाला म्हणाली. "ॲक्सिलरेटर सोडा. इंजिनच गाडी धरून ठिवतं. ब्रेक उगं नको."

भानुमतीबाईंनी तसं केलं. गाडी आवाज करत संथ उतरू लागली. अशा वेळी इंजिन सगळ्यात जास्त हवा ओढतं, हे आता रत्नमालेला माहीत होतं. डबा गच्च भरलेला असणार, काटा पार डावीकडं. तिनं मीटरकडं पाहिलं, तो तसाच होता.

आणि तिच्या देखत तो एक टप्पा शून्याकडं सरकला.

गाडीनं नाक किंचित खाली केलं, कुणी हलकेच ब्रेक लावल्यासारखं.

"काकू, ब्रेक नको म्हनलं ना."

"मी नाही लावला."

रत्नमालेनं वाकून पाहिलं. भानुमतीबाईंचा डावा पाय क्लचच्या बाजूला जमिनीवर, उजव्या पायाची टाच खाली टेकलेली, बोटं हवेत. मग तिनं स्वतःचे पाय पाहिले. ते तिनं केव्हाच मागं, सीटखाली ओढून घेतले होते.

तिच्यासमोरचा ब्रेक खाली गेला.

कुणाच्या तरी बुटाखाली जावा तसा गेला, क्षणभर तिथंच राहिला आणि वर आला. काटा आणखी एक टप्पा हलला. गाडीनं पुन्हा मान तुकवली. रत्नमालेच्या गुडघ्यांपाशी, ऊन पडलेल्या जागेत, एकदम गारवा जाणवला. दारातून वारा यावा तसा तो नव्हता. तिथं कुणी बसलेलं असावं तसा, दाटीचा. तिनं अंग चोरलं, दाराला चिकटली. तिला ओरडावंसं वाटलं, पण शेजारी शिकणारी बाई होती आणि खाली घाट होता.

ब्रेक पुन्हा खाली गेला. काटा शून्यापाशी आला. इंजिन चालू होतं, हवा ओढत होतं, तरी काटा डावीकडं परत जाईना.

तिथं रत्नमालेचं शिकवणं जागं झालं. साठा संपला आणि पुन्हा भरत नाही.

"काकू, ऐका," तिचा आवाज स्थिर निघाला. "दुसरा गिअर. क्लच हळू सोडा. घाबरू नका, मी हाय ना. डाव्या अंगाला त्ये मोकळं दिसतंय ना, सीताफळवाले बसलेत त्याच्या अलीकडं, तिथं घ्यायचीय."

इंजिन ओरडलं, गाडी आवळली गेली. "आता ब्रेक दाबा. दोन्ही पायांनी दाबा."

"दगड झालाय गं!"

"दाबा!" रत्नमालेनं आपल्या बाजूचा ब्रेक दोन्ही पायांनी रेटला. पेडल खरोखर दगडासारखं होतं. हँडब्रेक ओढला. गाडी खडीवर घासत गेली आणि सीताफळांच्या टोपल्यांच्या बरीच अलीकडं थांबली. एक म्हातारा विक्रेता उठून उभा राहिला, काही झालं नाहीसं पाहून परत बसला.

गाडी थांबल्यावर इंजिन वेडंवाकडं फडफडत होतं. रत्नमालेनं किल्ली फिरवून ते बंद केलं आणि कडुबाला फोन लावला.

तो पिकअप घेऊन आला. बॉनेट उघडल्याबरोबर दिसलं. ब्रेकच्या डब्याकडं जाणारा पाइप इंजिनाच्या टोकाला सुटून लोंबत होता. जुनी क्लिप ढिली पडून निसटली होती.

"म्हणून भरना," कडुबा म्हणाला. "नशीब, हितं सौम्य उतार हाय."

रत्नमालेनं त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. पेडल खाली जाताना पाहिलं तेही. तो खोटं म्हणाला नाही, हसलाही नाही.

"पाइप सुटला तर भरनं थांबतं," तो विचार करत म्हणाला. "पन साठल्यालं ऱ्हातं. त्यो व्हॉल्व्ह त्यासाठीच हाय. कुनी दाबल्याबिगर त्ये खर्च व्हत नाय."

"आमी नाय दाबला."

"मंग कुनीतरी दाबला." त्यानं घाटाकडं पाहिलं. "साठा ऱ्हायला असता तर तुमाला कळलंच नसतं. खालच्या वळणावर दोन-तीनदा ब्रेक लागला असता लोण्यावानी, आन् दरवाज्यापाशी, गर्दीत, दगड झाला असता."

"म्हंजी वर संपला म्हनून वाचलो."

"व्हय. पन ज्यानं संपवला त्यानं वाचवाया संपवला का तुमाला जित्तं घाट उतरू द्यायचं नाय म्हनून, ते मला इचारू नको, रत्ना."

रत्नमालेनं तो प्रश्न कुणालाच विचारला नाही. भानुमतीबाई मात्र दगडावर बसून सीताफळ खात होत्या. चेहरा पांढरा पडलेला, पण डोळे वेगळेच उजळलेले. रत्नमाला जवळ गेली तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं मी दाबायची. आता मी चालवते, तर तो दाबतो. घाबरत असेल बिचारा." आणि त्या हसल्या. ते हसणं रत्नमालेला पेडलपेक्षा जास्त भिववून गेलं.

कडुबानं पाइप नव्या क्लिपनं आवळला आणि या वेळी कुणाला न विचारता मीटरची नळीही तिच्या जागी लावली. काटा आता शहाण्यासारखा वागतो. गाडी गुरगुरत उभी असली की डावीकडं, पाय दाबला की शून्य ओलांडून उजवीकडं, गाडी बंद केली की सरळ शून्यावर. करमाडच्या अलीकडं एका उसाच्या ट्रकला मागं टाकताना काटा पहिल्यांदा उजवीकडं गेला, तेव्हा भानुमतीबाईंनी मोठ्यानं श्वास सोडला. महिन्याभरात त्यांना लायसन्स मिळालं. शिकवणीचा ब्रेक काढून टाकला.

रत्नमालेनं नंतर आपल्या गाडीत, पाय वर घेऊन, दिवसाढवळ्या पुष्कळदा बसून पाहिलं. उतारावर, सपाटीवर, ऊन असताना. कधी काही झालं नाही. वडील असते तर त्यांनी म्हटलं असतं, तुला अर्धंच कारण सापडलंय, उरलेलं हुडक. ती हुडकते अजून. बायकांना शिकवते, पूर्वीसारखीच न ओरडता. फक्त उतार लागला की तिचे पाय पेडलवरून हलत नाहीत.

भानुमतीबाईंशी तिचं आता घरच्यासारखं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी त्या फोन करतात, "चल गं, भद्रा मारुतीला जाऊन येऊ," आणि इमारतीखालून गाडी झोकात बाहेर काढतात. पुढची डावीकडची सीट रिकामी असते. भानुमतीबाई निघण्याआधी हात लांब करून त्या सीटचा पट्टा ओढतात आणि खटकन लावतात. नाहीतर गाडी टुंगटुंग वाजत राहते, म्हणतात. रिकाम्या सीटसाठी गाडी वाजत नाही हे रत्नमालेला ठाऊक आहे. ती मागचं दार उघडते आणि मागं बसते.